हळू बोलायची कवायत

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात आरमोरीला पीटीच्या मास्तरांचं शिबिर होतं. डोक्यावर तापलेले पत्रे, समोर तीस गडी, सगळ्यांच्या गळ्यात शिट्ट्या, आणि शिकवायला मी एकटी बाई. कबड्डीचे नवे नियम कळतील म्हणून आलेले सगळे. मी म्हटलं, नियम दुपारून. आधी घरी मार खाणारं पोर कसं ओळखायचं ते शिकू.

हशा पिकला. "बाई, त्याच्यात काय शिकाचं? आमीच तर मारतो ना!" मागून एक पैलवान मास्तर म्हणाला.

मी तापट, पण त्या दिवशी जीभ आवरली. कारण मला बोलायला तोंड नव्हतं. माझ्याच शाळेत एक पोरगी कवायतीत हात वर करेना म्हणून मी तिला मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या होत्या. तिचा खांदा बापाच्या माराने सुजलेला आहे हे मला आठवड्याने कळलं. ते मी तिथे सगळ्यांसमोर सांगितलं. हसणं थांबलं.

मग म्हटलं, गणिताच्या मास्तराला पोराची पाटी दिसते, आपल्याला अख्खं अंग दिसतं. पळणारं पोर एकाएकी पळेना, तर छडी उचलू नका. सावलीत बसवा, पाणी द्या, एकट्यात विचारा. आणि त्यानं सांगितलं, तर घरचा मामला म्हणून सोडून देऊ नका.

विचारायचा सराव घेतला आणि पंचाईत झाली. एक पोर झाला, दुसरा मास्तर. मास्तर ओरडला, "काऊन पळत नाई बे? कोनं मारलं?" गुपित विचारायचं, आणि आवाज पार बसस्टँडपर्यंत! मैदानावर घासलेले ते गळे, खाली येतील तर शपथ. दोन दिवस मी त्यांच्याकडून हळू बोलायचीच कवायत करून घेतली. एकमेकांच्या कानाशी कुजबुजताना ते धिप्पाड गडी नव्या नवरीसारखे लाजत होते.

चौथ्या दिवशी पैलवान माझ्याकडे आला. "बाई, माह्या शाळेत सहावीतली एक पोरगी हाय. दिवाळीपासून पळत नाई. मी तिले दोनदा छडी मारली."

"आता कुठी हाय ते?"

"घरी. बाप नाई. माय बिडीचा तेंदूपत्ता तोडाले जंगलात जाते. दिवसभर काकाजवळच असते."

"मंग इथी काय करून राह्यले, भाऊ? चला."

दुपारच्या एसटीनं त्याच्या गावी गेलो. पोरगी हापशीवर पाणी भरत होती, एक पाय ओढत. पैलवान तिच्याजवळ उकिडवा बसला आणि त्यानं असं हळू विचारलं, की हाताच्या अंतरावर उभी असून मला ऐकू आलं नाही. तिनं सांगितलं. काका चुलीतल्या लाकडानं मारत होता, कमरेत.

संध्याकाळी माय पत्ते तोडून परतली. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं पोरीचं पोलकं वर करून कंबर पाहिली. काका गुरगुरला, "हा आमच्या घरचा मामला हाय."

"आता शाळेचाबी हाय," पैलवान दारात उभा राहून म्हणाला. काकाची पुढे यायची छाती झाली नाही. मायनं दोन लुगडी, पोरीचे कपडे बांधले आणि आरमोरीला बहिणीकडे राहायचं ठरवलं. मला त्या मास्तराचा अभिमान वाटला, आणि माझाही वाटला, लपवून काय करू? पुढे किती शिबिरं घेतली, पण तशी मान ताठ पुन्हा झाली नाही.

रात्री सगळे पैलवानाच्या घरी राहिलो, आणि सकाळी पोरीला आरमोरीच्या दवाखान्यात न्यायला आम्ही एसटीची वाट पाहत होतो. पैलवान पोरीसमोर बसला. "मी तुले छडी मारली, ते माह्यं चुकलं," एवढं म्हणाला आणि त्याचे डोळे घळाघळा वाहू लागले.

पोरगी घाबरून माझ्या पदराशी आली.

"बाई," ती म्हणाली, "सरले कोनं मारलं?"