गप्पीचं तळं

विचारे मॅडमसमोर 'साधारण' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. रत्नागिरीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात मी त्यांच्या हाताखाली रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी माझं नावही विचारलं नाही. सूक्ष्मदर्शकाकडे बोट करून म्हणाल्या, "जलपिसवा मोजा." मी मोजल्या आणि म्हणालो, "साधारण चाळीस." त्यांनी तो नमुना बेसिनमध्ये ओतून दिला. "तळं हातखंब्याच्या पुढे आहे. दुपारची एसटी मिळेल. नवं पाणी आणा." मे महिन्याच्या उन्हात मी कातळाचा उघडा सडा तुडवत गेलो, आलो, पुन्हा मोजल्या. त्रेचाळीस. "आता नाव सांगा," म्हणाल्या.

जलपिसू म्हणजे पाण्यात टुणटुण उड्या मारणारा, पिसवेएवढा जीव. पाण्याला हिरवं करणारं बारीक शेवाळ खाऊन ती तळं नितळ ठेवते. सड्यावरच्या त्या तळ्याकडे गाव ढुंकून बघत नव्हतं, पण मॅडम दर महिन्याला जाळी घेऊन हजर. सख्खी बहीण गेली त्या दिवशीही त्यांनी फेरी चुकवली नाही. "ती गेलीच आहे. तळ्याचा महिना चुकला तर परत येत नाही." विद्यार्थी त्यांच्यापुढे रडत. "रडून झालं की टेबल पुसा," एवढंच त्या म्हणत. मला त्या आवडायच्या, हे आता कबूल करायला जड जातं. काम मी त्यांच्याकडूनच शिकलो.

एका पावसाळ्यानंतर तळं हिरवंगार झालेलं दिसलं. जाळीत जलपिसू एकही नाही. काठाशी बोटाच्या पेराएवढे मासे झुंडीनं फिरत होते. "गप्पी. हे इथले नव्हेत," मॅडम म्हणाल्या. "सगळ्या पिसवा ह्यांनी खाल्ल्या. कुणी सोडले?"

"मी," पायरीवर बसून कुरमुरे टाकणारा म्हातारा म्हणाला. गोपाळकाका. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीत पाळ्या करून निवृत्त झालेले. मुलगा-सून मुंबईला, नात स्वरा, तिसरीतली, ह्यांनीच सांभाळलेली. आदल्या श्रावणात डेंग्यूनं गेली. नंतर काकांनी आरोग्य केंद्रातून डासांच्या अळ्या खाणारे हे गप्पी मागून आणले. "सिस्टर म्हनली, पिंपात सोडा. पन त्या पान्यान मी देव धुतो, त्यात माशे कसे सोडायचे? मंग हितं सोडले. आता ह्या तळ्यात डास व्हनार नाय. कुनाचा पोर जानार नाय." माशांकडे बघताना त्यांचा चेहरा निवला होता.

काकांनी चहाला घरी नेलं. पागोळीखाली पावसाच्या पाण्याचं निळं पिंप होतं. मॅडम त्यात वाकून बघत राहिल्या, मग परड्यातून, शेजारच्या घरामागून एक चक्कर मारून आल्या. मला त्यांची ती नजर ठाऊक होती. मी हळूच म्हटलं, "मॅडम, नको."

"ह्या वळवळतात त्या अळ्या बघा," मॅडम काकांना म्हणाल्या. "डेंग्यूचा डास तळ्यात अंडी घालत नाही. त्याला असलंच साठवलेलं, स्वच्छ पाणी लागतं. तळ्यानं तुमचं काही बिघडवलेलं नाही. तुमची नात ह्या पिंपानं नेली."

काकांच्या हातात आमच्या चहाचं ताट होतं. त्यांनी ते जपून ओट्यावर ठेवलं, पिंपाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि अंगणात उपडं केलं.

रिक्षात मी चिडून विचारलं, "हे असं सांगायला हवं होतं?"

"अळ्या जिवंत होत्या. त्या घरात अजून माणूस राहतो," त्या म्हणाल्या. ते खरं होतं, आणि म्हणूनच त्यांचा अधिक राग आला.

पुढच्या मे महिन्यात गप्पी काढायला काकांनी पंप भाड्यानं आणून तळं उपसलं. मदतीला कुणाला घेतलं नाही. गुडघाभर चिखलात उतरून एकेक गप्पी चाळणीनं गोळा केला आणि आंब्याच्या कलमाच्या बुंध्याशी पुरला. मॅडम काठावर छत्री धरून उभ्या होत्या. दमून काका वर आले, तेव्हा म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात अजून हलतंय काहीतरी." काका पुन्हा उतरले.

जलपिसवांची अंडी चिखलात वर्षानुवर्षं टिकतात. पावसानं तळं भरलं आणि भाद्रपदात जाळी पिसवांनी भरून आली. पाणी असं नितळ की तळाचा चिरा दिसावा. मॅडमना मोठ्यानं हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. शोकसभेत जो तो त्यांच्या स्पष्टवक्तेपणाचे गोडवे गात होता. माझं नाव पुकारलं, पण मी उठलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे त्या भाद्रपदातलं काकांचं अंगण होतं.

तळं सुधारल्याचं काकांना स्वतः सांगायचं म्हणून मॅडम मला घेऊन गेल्या होत्या. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "बरा झाला," म्हणाले. मग मॅडमना टाळून माझ्याजवळ आले.

"सर, एक इचारू? तेव्हा त्या पिंपात माशे असते, तर माजी स्वरा ऱ्हायली असती?"

"तसं सांगता येत नाही, काका," मी म्हणालो. "डास काय, शेजारच्या पिंपातूनही येतो."

"शेजारी पिंप नाही," मॅडम मागून म्हणाल्या. "डबकं नाही, करवंटी नाही. मी तेव्हाच सगळीकडे फिरून बघितलं होतं. राहिली असती. दोन मासे पुरले असते."

काका त्यांच्याकडे वळले.

"दोनच?" त्यांनी विचारलं.