बंद घरांची उत्तरं

तिचं खरं नाव कार्यालयाच्या हजेरीपटावर होतं, पण गल्लीबोळांत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. एरवी ती नगर कार्यालयात अर्ज घेण्याच्या खिडकीवर बसे. दोन-तीन वर्षांतून एकदा वरून काहीतरी मोजायचा हुकूम सुटे. कधी माणसं, कधी नळ, एकदा तर भटकी कुत्रीसुद्धा. मग काखोटीला फळी आणि फळीला अडकवलेले फॉर्म घेऊन ती दारोदार हिंडे. बावीस वर्षं हिंडत होती. कुत्री एका जागी थांबली नाहीत एवढी तक्रार सोडली, तर तिच्या मोजणीबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता.

ती होतीच तशी, नाकासमोर चालणारी. उंची बेताची, शाळेतले मार्क बेताचे, नवरा बस आगारात मेकॅनिक, एक मुलगी, एक मुलगा. भाड्याच्या दोन खोल्या, गॅलरीत दोन कुंड्या, त्यातली एक कायम सुकलेली. आपण चारचौघींसारख्या आहोत याचा काही लोकांना सल असतो, हिला अभिमान होता. कुणी नवीन फ्रिज घेतला की ही दोन वर्षं थांबायची आणि सगळ्यांनी घेतला की घ्यायची. आपल्यावरून जग ओळखावं, असं तिची आई म्हणायची. आईची बरीच वाक्यं ती विसरली, हे मात्र लक्षात ठेवलं. न ठेवती तर बरं झालं असतं.

यंदाचा फॉर्म एकेचाळीस प्रश्नांचा होता. घरात माणसं किती, कमावती किती, पाणी कुठून येतं, घरात कायम अंथरुणावर असलेलं कुणी आहे का, असं करत करत शेवटचा प्रश्न यायचा: तुम्ही स्वतःला या देशातला सर्वसाधारण माणूस समजता का? पूर्णपणे, थोडाफार, की अजिबात नाही? हा प्रश्न कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला होता देव जाणे. लोक हसायचे, एकमेकांकडे बघायचे आणि बहुतेक जण 'थोडाफार' म्हणायचे. मोजणीबाईला त्याचं नवल वाटे. ती स्वतः क्षणाचाही विचार न करता 'पूर्णपणे' म्हणाली असती.

अडचण असायची ती बंद घरांची. नियम असा, की तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं, दार वाजवायचं, हाक मारायची आणि तरीही कुणी उघडलं नाही तर 'घर बंद' असा शेरा मारायचा. पण शेरा मारला की त्यासोबत दोन पानी खुलासा जोडावा लागे आणि मोठे साहेब तो सगळ्यांसमोर वाचून दाखवत. वाचताना चष्म्यावरून बघत. तर मोजणीबाईनं पहिल्या एक-दोन वर्षांतच त्यावर तोड काढली होती. बंद घरांचे फॉर्म ती घरी आणी आणि स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून स्वतःच भरून टाकी.

काय भरायचं, हा प्रश्न तिला कधी पडलाच नाही. लोकांचं काय असणार, आपल्यासारखंच असणार. माणसं चार, कमावती दोन, मुलगी एक, मुलगा एक. अंथरुणावर कुणी? नाही. सर्वसाधारण समजता का? पूर्णपणे. सगळे फॉर्म एकसारखे दिसू नयेत म्हणून एखाद्या घराला ती आणखी एक मुलगा देई, एखाद्या घरातून रेडिओ काढून घेई. देताना हात सैल, काढून घेताना जरा जड. यात आपण खोटं करतोय असं तिला वाटत नव्हतं. उलट, बिचाऱ्यांची घरं कोरी राहू नयेत, असाच भाव होता. यंदा अशी चौतीस घरं होती.

अहवाल छापून आला तेव्हा साहेबांनी तिला टेबलापाशी बोलावून सगळ्यांदेखत शाबासकी दिली. एकही घर बंद नाही, आणि वर तिच्या भागातले लोक स्वतःला सर्वसाधारण म्हणवून घेण्यात साऱ्या शहरात पहिले. किती समाधानी लोक, असं साहेब म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर चढलेली मोजणीबाई अहवालाची प्रत घेऊन घरी आली आणि जेवताना त्यातलं 'या भागातलं नमुनेदार कुटुंब' तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. नवरा घास हातात धरून हसायला लागला. म्हणाला, हे तर आपलंच घर दिसतंय, फक्त सुकलेली कुंडी लिहायची राहिली. तीही हसली. तिला खरोखर आनंद झाला होता.

त्यानंतर महिन्याभरात घड्याळजी खिडकीवर आले.

बाजाराच्या कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे ते म्हातारे गृहस्थ तिला बघून ठाऊक होते. हातात एक अर्ज होता. ज्या भागात अंथरुणाला खिळलेली माणसं तीस किंवा जास्त असतील, तिथं आठवड्यातून दोनदा नर्स घरी पाठवायची, असं कार्यालयानं ठरवलं होतं. शेजारच्या भागात नर्स सुरूही झाली होती. मोजणीबाईच्या भागात मोजणीत तेवीसच माणसं निघाली, म्हणून तो भाग गळला. घड्याळजींचं म्हणणं एवढंच होतं, की त्यांच्या बायकोला अडीच वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून ती बिछान्यातच आहे, पाठीला जखमा झाल्यात आणि त्या त्यांना नीट धुता येत नाहीत. तेवीसमध्ये तिला धरलंय का, तेवढं बघून सांगा.

मोजणीबाईनं घर क्रमांक विचारला, गठ्ठ्यातून फॉर्म काढला आणि त्यावरची उत्तरं बघताच तो आपण ओट्याशी उभं राहून भरलेला, हे तिला कळलं. फॉर्म तसाच परत आत सरकवायचा तिचा विचार होता. पण घड्याळजींनी हात पुढे केला होता, आणि तो हात इतका सभ्य होता की तिला नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी खिशातून कामाचं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि एकेक ओळ वाचली. घड्याळ उघडून बघावं तितक्या शांतपणे. मागं रांग लागली होती, तरी कुणी घाई केली नाही.

"आम्हाला मुलगी आहे म्हणायची," ते म्हणाले. "आणि मुलगा."

मोजणीबाई खाली बघत पुटपुटली, की घराला कुलूप होतं, ती तीनदा आली होती.

"हो, तीनदा. मला माहितीये." त्यांनी भिंग पुसून खिशात ठेवलं. "मी दुकानात जाताना बाहेरून कुलूप लावतो. ती आत असते. तिला बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. तुम्ही हाका मारल्यात ना, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आलो तर तिनं मला तीन बोटं दाखवली. मला वाटलं, तीनची गोळी मागतेय."

एवढं बोलून त्यांनी अर्जाची घडी घातली आणि ते गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मोजणीबाईनं पुढच्या माणसाचा अर्ज घेतला, त्यावर शिक्का मारला, आणि तो उलटा पडलाय हे तिला त्या माणसानं दाखवून दिल्यावर कळलं.

घरी गेल्यावर तिनं ताट बाजूला सारलं. दाराबाहेर उभं राहून आपण 'कुणी आहे का घरात' असं ओरडलो होतो, ते तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. आत माणूस होतं. ते ऐकत होतं, मोजत होतं. आणि आपण ओट्याशी उभं राहून त्या बाईला दोन मुलं दिली आणि बिछान्यातून उठवून चालतं केलं. नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं समजूत घालायची म्हणून म्हटलं, अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस, सगळेच करतात. आगारात तरी कोण रोज प्रत्येक बसचा ब्रेक तपासतं? सह्या मारून मोकळे होतात.

नवऱ्यानं दिलेला हा दिलासा तिला चाबकासारखा लागला. सगळ्यांसारखं असणं म्हणजे काय, ते तिला त्या क्षणी दिसलं. सगळे करतात ते आपण केलं, म्हणून आपण सर्वसाधारण. बावीस वर्षं हीच गोष्ट ती मिरवत होती. तिला स्वतःची किळस आली, आणि त्यातही आपण नवऱ्याच्या आगारातल्या बसमधून रोज कामावर जातो हे आठवून वेगळीच धास्ती वाटली.

सकाळी ती साहेबांच्या समोर उभी राहिली आणि सांगून टाकलं. साहेब चष्म्यावरून बघत राहिले. मग म्हणाले, की अहवाल छापून गेला, चौतीस घरांनी देशाचा आकडा हलत नाही, आणि ती तोंड बंद ठेवेल तर तेही ठेवतील. तिनं लेखी कबुली टेबलावर ठेवली. साहेबांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली, वर फाईल ठेवली आणि म्हणाले, एवढंच टोचत असेल तर सुट्टीच्या दिवशी जाऊन घरं पुन्हा मोजा. तीस भरले तर मी नर्ससाठी लिहितो. नाही भरले तर हा विषय बंद.

मग दर रविवारी ती फळी घेऊन निघू लागली. आता तीनदा नाही, दहादा जायची. खिडकीतून हाक मारायची, शेजाऱ्यांना विचारायची, दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहायची. दारं उघडायची. पाचव्या हाकेला, सातव्या हाकेला, पण उघडायची. रात्रपाळीचा पहारेकरी डोळे चोळत आला. शेवटचा प्रश्न ऐकून म्हणाला, "सर्वसाधारण माणसं दिवसा जागी असतात, बाई. 'अजिबात नाही' लिहा." दोन आंधळ्या बहिणींना दार सापडायलाच वेळ लागे. एका घरात आई कामावर आणि पंचवीस वर्षांची मुलगी पाळण्यातल्या बाळासारखी चादरीत गुंडाळलेली. उघडलेल्या एकाही घरात चार माणसं, दोन कमावती आणि दोन मुलं निघाली नाहीत. 'पूर्णपणे' असं कुणी म्हणालं नाही. प्रत्येक घरात ती आधी सांगे, की मागचा फॉर्म मी माझ्या मनानं भरला होता. कुणी दार आपटलं, कुणी पाणी दिलं. पाणी देणाऱ्यांकडे बघणं जास्त कठीण जाई.

फक्त एका गल्लीत ती पाऊल टाकत नव्हती. घड्याळजींचं घर शेवटी, असं तिनं ठरवून टाकलं होतं. मनाला सांगायला कारण होतं: आधी आकडा भरू, मग त्यांच्याकडे रिकाम्या हातानं जायला नको. खरं कारण शरम. त्या बाईच्या डोळ्यांसमोर उभं राहायची तिची छाती होत नव्हती. बाजारातूनसुद्धा ती दुकानाचा कोपरा टाळून लांबून जायची. एक रविवार गेला, दुसरा गेला, असे सहा गेले.

सहाव्या रविवारी घड्याळजींचं घर न धरताच तीस भरले. साहेबांनी, नाइलाजानं का होईना, नर्ससाठी पत्र लिहिलं आणि होकारही आला. पुढच्या गुरुवारपासून. सातव्या रविवारी मोजणीबाई ती बातमी आणि कोरा फॉर्म घेऊन त्या गल्लीत शिरली. सबंध वाटभर ती काय बोलायचं ते घोळवत होती. आधी माफी मागू, की आधी नर्सचं सांगू?

दाराला कुलूप नव्हतं. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं एकच हाक मारली आणि घड्याळजी बाहेर आले, या म्हणाले, खुर्ची पुढे केली. भिंतीलगतची खाट गादी काढून उभी करून ठेवली होती. खाटेच्या जागी फरशी इतर फरशीपेक्षा उजळ दिसत होती.

"चौदा दिवस झाले," घड्याळजी म्हणाले. "जखमांतून ताप शिरला."

सहाव्या नाही, पाचव्या रविवारी. तिनं मनात मोजलं, कारण दुसरं काही करता येईना. पाचव्या रविवारी दुपारी ती दोन गल्ल्या पलीकडे पायरीवर बसली होती. तिला रडू आलं, पण इथं रडायचा हक्क आपला नाही, हे तिला कळत होतं. नर्सचं तिनं सांगितलं नाही. माफी मागितली ती इतक्या हळू, की घड्याळजींना ऐकू गेली की नाही कोण जाणे. ते तिच्या मांडीवरच्या फळीकडे बघत होते.

"भरायचाय ना? भरा," ते म्हणाले.

तिनं भरायला घेतला. माणसं किती? एक. कमावती? एक. मुलं? नाहीत. ते थांबून, विचार करून, नेमकं उत्तर देत होते आणि ती लिहीत होती. मग अंथरुणावर कुणी आहे का, हा प्रश्न आला आणि तिचं पेन तिथंच अडलं. घड्याळजींनी पुढे वाकून भिंगाशिवायच ती ओळ वाचली.

"'नाही' लिहा," ते म्हणाले. "तुम्ही मागं लिहिलं होतं, ते आता बरोबर आलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं मान वर न करता 'नाही' लिहिलं.