कैतानच्या बावखलातला कटला

मासे धरणाऱ्या माणसाकडे मासे कमी आणि किस्से जास्त. आमच्याकडे तर नुसते किस्सेच साठत गेले, कारण मोठा मासा धरला की आम्ही तो परत पाण्यात सोडायचो. पुरावा म्हणून दाखवायला काही नाही. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

नव्वदीतली गोष्ट. मी विरारला नवा नवा राहायला आलेलो, नोकरी मुंबईत विम्याच्या ऑफिसात. रविवार उजाडला की स्कूटर काढायची आणि नंदाखालला इनासकाकांची वाडी गाठायची. केळी, नारळ, आणि मधे बावखल. वाडीला पाणी पाजायला खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, त्याला तिकडे बावखल म्हणतात. काका चर्चमधला मिस्सा आटपून यायचे, तोवर आगाशीच्या शाळेतले सामंत मास्तर आणि मंत्रालयातले राणे येऊन बसलेले असायचे. असे आम्ही चौघे.

काकांच्या घरचा एक रिवाज होता. कोपरापासून बोटांपर्यंतच्या मापापेक्षा लांब मासा खायचा नाही, तो बावखलाचा. वडिलांपासून चालत आलेलं. "का?" असं राण्यांनी विचारलं होतं. काका म्हणाले, "बाबांना विचारायला पाहिजे होतं. तेव्हा सुचलं नाही."

वाडीला शेराच्या झुडपांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे काकांचा धाकटा भाऊ कैतान. वाटणीत जुनं, मोठं बावखल कैतानकडे गेलं. त्यावरून दोघांचं जे काही वाजलं, तेव्हापासून बोलणं बंद. चर्चमध्येसुद्धा एक या टोकाच्या बाकावर, दुसरा त्या टोकाच्या. त्या बावखलात वडिलांनी अगदी बोटाएवढा असताना सोडलेला एक कटला होता. आता तो माणसाच्या मांडीएवढा झाला होता म्हणे. सकाळी तो वर येऊन वळला की पाण्याचा धप्प आवाज आमच्यापर्यंत यायचा.

"काका, आला बघा तुमचा कटला," राणे म्हणायचे.

काका पिठाचा गोळा मळत मान वर न करता म्हणायचे, "नारळ पडला असेल."

*

मी पहिल्यांदा मोठा रोहू काढला तेव्हाची गंमत. मासा बुळबुळीत, हातात राहीना. मी शहाण्यासारखा खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि त्याला गच्च धरला. काका पाण्यातून असे धावत आले, मला वाटलं पाठ थोपटायला येताहेत. टॉवेल हिसकावून घेतला.

"आंघोळ झाली की तू अंग पुसतोस की सोलतोस?"

माशाच्या अंगावरचा तो बुळबुळीतपणा म्हणजे त्याचं कवच. कोरड्या कापडाने ते निघून येतं आणि मग सोडलेला मासा चार दिवसांनी मरून वर येतो. म्हणून हात आधी ओले करायचे, आणि मासा टेकवायचाच झाला तर केळीच्या ओल्या पानावर. गार, गुळगुळीत, आणि वाडीत फुकट. परदेशात यासाठी खास गाद्या मिळतात असं मास्तरांनी कुठेतरी वाचलं होतं. काका म्हणाले, "मिळू देत. त्यांच्याकडे केळी नसतील."

या पानांचा एक तोटा झाला. काकींनी एकदा दुपारी भात आणि मटण पाठवलं. राण्यांनी भूक लागली म्हणून जवळचं पान ओढलं, वाढून घेतलं, भुरके मारत जेवले. शेवटी बोटाला काहीतरी चिकटलं म्हणून उजेडात धरून बघितलं, तर ते रोहूचं खवलं.

"काकींनी मटणात मासा घातलाय का?" राण्यांनी विचारलं.

*

सोडण्याचंही शास्त्र असतं हे राण्यांना कळायला वेळ लागला. त्यांनी पहिला कटला सोडला तो काठावरून, दोन्ही हातांनी, दूर भिरकावून. मास्तर वर्गातल्या आवाजात ओरडले, "राणे, नारळी पौर्णिमा नाही आज!"

मग मास्तरांनी त्यांना गुडघाभर पाण्यात उभं केलं. दमलेला मासा पोटाखालून हलकेच धरायचा, तोंड पुढे, पाठ वर. त्याचे कल्ले उघडमीट करायला लागतात. रेटायचं नाही. त्याने स्वतः शेपटी मारली की मगच हात सैल करायचे.

"पण किती वेळ उभं राहायचं?" राण्यांना घाई.

"पाहुण्याला एसटी स्टँडवर सोडायला जाता ना? बस हलायच्या आधी घरी येता का?"

राणे पुढे कायम तसेच उभे राहायचे. एकदा तर मासा निघून गेल्यावरही उभे होते, आणि पाण्याकडे बघून चक्क हात हलवला. आम्ही बघितलं हे त्यांना अजून माहीत नाही.

*

आमच्या घरी या सगळ्याला अजिबात मान नव्हता. रविवारी सकाळी जाणार, दुपारी हात हलवत येणार, अंगाला मात्र वास येणार. बायको म्हणायची, "मासा सोडला म्हणता. मग पहाटे उठून केलंत काय?"

तिचा राग जायला मी येताना आगाशीच्या बाजारातून मासे घ्यायला लागलो. तिथल्या कोळणीला माझं गुपित राण्यांनीच फोडलं असणार. तिने एकदा हलवे तोलता तोलता मला नीट न्याहाळलं.

"साहेब, धरलेलं पान्यात सोडता आन दुपारी माझ्याकडनं इकत नेता?"

"हो," मी म्हटलं.

"असं गिऱ्हाईक देवानं सगळ्यांना द्यावं," ती म्हणाली आणि एक हलवा वर घातला.

*

श्वासाचा नियम राण्यांमुळेच आला. त्यांनी भावाकडून कॅमेरा आणला होता, रोल भरलेला. मग काय, प्रत्येक मोठा मासा हातात घेऊन असा फोटो, तसा फोटो, जरा उजेडाकडे, जरा हसून. मासा बिचारा तोंड वासतोय आणि राणे भांग पाडताहेत. काकांचा चेहरा पडला होता. मास्तरांचं डोकं तापलं.

"आजपासून नियम. मासा पाण्याबाहेर काढणाऱ्याने स्वतःचा श्वास रोखायचा. मासा पाण्यात गेल्यावर घ्यायचा."

राणे हसले. छाती भरून घेतली, मासा उचलला, कॅमेरा माझ्याकडे. नेमका तेव्हा फ्लॅश चार्ज होईना. मी हात वर करून थांबा थांबा म्हणतोय, राणे लाल, मग जांभळे. फोटो निघाला आणि राणे माशासकट पाण्यात बसले.

फोटो धुऊन आला. मासा टवटवीत, डोळे चमकदार. राण्यांचे डोळे बाहेर, गाल फुगलेले. त्यांच्या आईने चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "यात कोणी कोणाला धरलंय?"

त्यानंतर कॅमेरा आला नाही. नियम मात्र राहिला, आणि गंमत म्हणजे नुसते बघणारेही नकळत श्वास धरायला लागले.

*

मग ती बातमी आली. कैतान बावखल बुजवणार. मातीचे डंपर ठरले, तिथे इमारत होणार. तेव्हा नंदाखाल-आगाशीकडे हे सुरूच झालं होतं.

काका त्या रविवारी नुसतं पीठ मळत बसले. गळ लावलाच नाही. पलीकडे धप्प झालं. आम्ही काकांकडे बघत होतो.

"तो मरणार," काका म्हणाले. नारळाचं नाव काढलं नाही. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मास्तर उठले आणि कैतानकडे गेले. कटला आम्ही गळाने काढतो आणि अलीकडच्या बावखलात सोडतो, एवढंच मागितलं. कैतानने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबांचा मासा आहे. बाहेरच्याने हात लावायचा नाही. घरचा माणूस असेल तर येऊ दे."

पुढच्या रविवारी काका रस्त्याने वळसा घालून भावाच्या वाडीत गेले. हातात गळ. त्याचा उलटा काटा आधीच पकडीने चेपून टाकलेला, म्हणजे काढताना तोंड फाटायला नको. कैतान मासा उचलायची जाळीची झोळी घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. दोघांमध्ये हातभर अंतर. बोलणं मात्र सगळं आमच्यामार्फत.

"मास्तर, त्यांना सांगा, झोळी पाण्याखाली ठेवा. माशावर मारू नका."

"मास्तर, त्यांना सांगा, मला माहीत आहे. बाबांनी मलापण शिकवलंय."

मास्तर दोन्हीकडे मान वळवून वळवून दमले.

कटला लागला तेव्हा पाणी नुसतं उसळलं. काकांनी त्याला फार खेळवलं नाही; जास्त दमला तर वाचत नाही. तो झोळीवर आला आणि कैतानने ती अलगद खालून उचलली. केवढा मासा! कैतानच्या बायकोने जुनं सुती लुगडं भिजवून, त्यात केळीची पानं घालून तयार ठेवलं होतं. मासा अजून पाण्यातच, झोळीत. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की रस्त्याने वळसा घालून न्यायचा तर तेवढ्यात हा मरेल.

कैतानने कुंपणाकडे बघितलं. झोळी राण्यांच्या हातात दिली, काठावर गेला, कोयता घेतला आणि शेर तोडायला लागला. स्वतः लावलेलं कुंपण. चिकाने हात पांढरे झाले. माणूस जाईल एवढी वाट केली, पांढरे हात मातीने घासघासून धुतले आणि परत पाण्यात आला.

"मासा बाहेर आला की दोघांनी श्वास रोखायचा," मास्तर म्हणाले. "हा नियम आहे."

काकांनी मासा पाण्यातच लुगड्यात घेऊन त्याचं एक टोक धरलं, कैतानने दुसरं. दोघांनी छाती भरून घेतली आणि निघाले. साठीला आलेले दोन भाऊ, मधे ओलं लुगडं, गाल फुगलेले, पायात केळीचा पाचोळा, तोडलेल्या कुंपणातून धावत. कोणी हसलं नाही. हसायला आमच्यापैकी कोणाकडे श्वासच नव्हता.

दोघे तसेच पाण्यात उतरले. लुगडं खालून काढून घेतलं. मासा आडवा पडायला लागला तसे दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी हात लावून सरळ केलं. कल्ले हलेनात. काकांनी श्वास घेतला. "चल बाबा," म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. मग एक कल्ला उघडला. मिटला. परत उघडला. शेपूट एकदा सुस्त हलली, मग जोरात, आणि दोघांच्या तोंडावर पाणी उडवून कटला खोल गेला.

कैतान तसाच उभा. हात पाण्यात, गाल फुगलेले, चेहरा काळानिळा, डोळे काकांवर.

काकांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला सरळ हाक मारली. "कैतान, मासा केव्हाच पाण्यात आलाय. श्वास घे."

कैतानने श्वास सोडला. खोकला. डोळे पुसले.

"तू सांगितल्याशिवाय कसा घेऊ, दादा?"