मांडीवरची पिशवी

लेकीच्या बाळंतपणाला परदेशात गेले, तेव्हा तिथल्या भुयारी रेल्वेत मला कायम गुंगी यायची. गाडी खडखडत नाही, हिसके देत नाही, कोणी कोणाशी बोलत नाही. काळ्या काचेत आपलाच चेहरा तरंगत राहतो. अर्धवट झोपेत त्या काचेपलीकडे मला धानाच्या बांध्या दिसायच्या, तळ्याचं पाणी दिसायचं, आणि वाटायचं, आता अड्याळचा थांबा येईल, कंडक्टर घंटी मारेल. तेवढ्यात एक बाई गोड आवाजात कुठल्याशा स्टेशनाचं नाव सांगायची. रोज तीच बाई, तोच आवाज. तिला कधी सर्दीसुद्धा होत नसावी.

लेक मात्र समोर ताठ उभी. बाळ छातीशी झोळीत बांधलेलं. बाहेर पडलं की ते माझ्याकडे द्यायचीच नाही. "मी बघते गं आई, तू निवांत बस." कशी आहेस विचारलं की "मस्त." त्या एका शब्दाच्या पुढे ती मला जाऊच देईना. माझी परत जायची वेळ जवळ आली होती, आणि पोरगी इथे खरंच सुखात आहे का, हे कळल्याशिवाय माझा पाय निघणार नव्हता. रागही यायचा. एवढ्या लांब मला नुसते डिंकाचे लाडू वळायला बोलावलंस का, असं अगदी ओठांवर यायचं. गिळून टाकायचे.

अशाच एका दुपारी दवाखान्यातून परतताना माझा डोळा लागला. आमच्या भंडाऱ्याच्या बसमध्ये एक रीत आहे. ज्याला बसायला मिळालं, त्यानं समोर उभ्या असलेल्याचं ओझं मांडीवर घ्यायचं. विचारायचं नसतं. कोणाची भाजी, कोणाचा डबा, कोणाचं शेंबडं पोर, घ्यायचं आणि मग विचारपूस सुरू करायची. डोळे किलकिले केले तर समोर एक दमलेली बाई, हातात जड पिशवी. माझे हात आपोआप पुढे गेले. "आन व बाई, दे इकडे," म्हणत मी पिशवी ओढूनच घेतली.

ती किंचाळली. डबाभर माना वळल्या. लेकीनं त्यांच्या भाषेत घाईघाईनं माफी मागितली, पिशवी परत दिली आणि पुढच्याच स्टेशनावर मला दंडाला धरून उतरवलं. मेले, म्हटलं. आता जाईपर्यंत अबोला.

फलाटावरच्या बाकावर बसलो. लेक रुळांकडे बघत होती. मीच म्हणाले, "चुकलं व बाई माझं. मले वाटलं, आपल्याच बसमधे बसली आहो."

"नाही व माय, चुकलं नाही." मी आल्यापासून पहिल्यांदाच ती घरच्या बोलीत बोलत होती. "पोट घेऊन मी याच गाडीनं ऑफिसले जात होती. लोक चांगले आहेत इथले. पोट दिसलं की लगेच उठून जागा देत होते. पन कितवा महिना चालू आहे, हे एकानंही विचारलं नाही. कोनी विचारलं तर काय सांगायचं, ते मी रोज मनात बोलून ठेवत होती."

समोर गाडी आली, दारं उघडली, मिटली. तिनं झोळी सोडली, बाळ माझ्याकडे दिलं आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली.