हिरव्या शेताची लेन्स

कंग्राळीच्या वाटेवर सकाळी फिरायला गेलो की तो दिसायचा. खांद्यावर ट्रायपॉड, आणि तान्हं मूल धरावं तसा पोटाशी मिडियम फॉरमॅटचा धिप्पाड कॅमेरा. थांबायचा, एक डोळा मिटायचा, लेन्स बदलायचा आणि नाराजीनं मान हलवायचा. फोटो काढताना मात्र मी त्याला कधी पाहिलं नाही.

शेवटी विचारलंच, "अण्णा, अडतंय कुठं?"

"वाईड लेन्स लावली की प्लॉटांचे दगड येत्यात. लांबची लावली की पलीकडचा बंगला येतोय. मला नुसतं हिरवं शेत पायजे बघा."

"इथं भाताचं होतं की."

"व्हय, आमचंच हुतं," लेन्स पुसत तो म्हणाला. "ते इकूनच तर ह्यो कॅमेरा घेतला. ह्यात शेताचा फोटो लई भारी येतोय म्हणत्यात."