पिठाच्या डब्यातलं हॉल तिकीट

दहावीत असताना आमच्या घरची सासू मीच होते. खरी सासू म्हणजे माझी आई. ती दिवसभर म्हशींच्या मागं, तिला तेवढा वेळ कुठला? मी मात्र रात्री आठची मालिका तीन वर्षं एकही भाग न चुकवता पाहिली होती. तिच्यातली नायिका शालू नेसूनच झोपायची, महिन्याला पंचवीस उपास करायची आणि काजळ न हलवता घागरभर रडायची. चांगली सून कशी असते, हे इस्लामपूरपासून सांगलीपर्यंत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमची वहिनी त्यात साफ नापास. ती तलाठी भरतीचा अभ्यास करायची. त्यात दादा रजेवर आला. तो पलटणीत स्वयंपाकी. हौदाएवढ्या पातेल्यांतून दोनशे जवानांना जेवू घालणारा. तिथं खुशाल घालू दे, ती देशसेवा. पण आल्या दिवशीच त्यानं वहिनीच्या पुस्तकाशेजारी चहाचा कप नेऊन ठेवला आणि माझ्या कानात ढोल, ताशे, विजा, सगळं एकदम वाजलं. मालिकेत अशा वेळी घरातल्या सगळ्यांची तोंडं तीन-तीनदा दाखवतात. इथं धक्का बसलेली मी एकटीच होते, म्हणून माझंच तोंड तीनदा फिरवलं.

"वहिनी, नवऱ्याच्या हातचा च्या पितीस? शोभतं का?"

"लय ग्वाड झालाय गं. तुला ठेवू का घोटभर?"

आता हिची परीक्षा घेणं भाग होतं. मालिकेत देवी घेते, आमच्याकडं मी. भरतीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तिचं हॉल तिकीट मी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात पुरलं. न्याय अगदी चोख: पहाटे उठून भाकरी करेल ती खरी सून, तिला ते सापडेल. पुस्तक घेऊन बसेल तिची सहाची सांगलीची एसटी चुकेल, आणि दुसरं तिकीट छापून घ्यावं तर गावातलं झेरॉक्सचं दुकान उघडतं दहाला.

पहाटे वहिनीनं सगळी पुस्तकं झटकली, गाद्या उलट्यापालट्या केल्या, म्हशीची गव्हाणसुद्धा धुंडाळली. शेवटी मटकन खाली बसली. "वर्षभर जागलेय वो मी," एवढंच आईला म्हणाली, आणि तिचं काजळ गालावर उतरलं. मालिकेत कधीच उतरत नाही. सांगून टाकावं असं वाटत होतं, पण मी उगाच उशीचा अभ्रा झटकत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातनं दादा ओरडला, "आगं, हितं पिठात काय हाय बघ!"

तो तिच्या डब्यासाठी भाकरी थापायला बसला होता.

"दादा, तू कशाला पिठात हात घातलास!" माझ्या तोंडून निघून गेलं आणि सगळ्यांना सगळं कळलं.

वहिनीनं तिकिटावरचं पीठ फुंकलं, पिशवी उचलली आणि माझ्याकडं न बघता एसटीच्या दिशेनं पळत सुटली.

संध्याकाळी चारपासून मी थांब्यावर उभी. ती सातला उतरली.

"पेपर बरा गेला," ती म्हणाली. "पण तुझा लय राग आलाय मला. आज आठ वाजता टीव्ही बंद. तू आन् तुझा दादा भाकरी करणार. मी समोर बसून बघणार."

बरोबर आठला मी परातीपुढं बसले. माझी पहिली भाकरी दादानं उचलून बघितली आणि तशीच गोठ्यात नेली. म्हशीनं ती हुंगली आणि तोंड फिरवलं. तीनदा.