गुरुवारचा रविवार

सारामावशींच्या घरी रविवार गुरुवारी यायचा. सकाळीच त्या पांढरं पातळ नेसायच्या, मुलीला, रूथला, पेटी काढायला लावायच्या आणि पडवीत झोपलेल्या मला हाक मारायच्या, "ए सातवी! ऊठ, झांज धर. आज रविवार हाय."

सातवी म्हणजे मी. सातवीतच शाळा सुटली आणि परभणीकडून चिंचवडला कामाला आलो. मावशींनी पडवीत जागा दिली, दोन वेळचं जेवण दिलं. आज नोकरी आहे, उद्या नसली तर काय, या धास्तीनं मी अर्धी भाकरी उद्यासाठी बांधून ठेवायचो. जेवणाआधी घरात प्रार्थना व्हायची. मी पडलो हिंदू, काय करावं कळेना. पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "डोळे मिट, लेका. देव मानायचा का न्हाई ते पोट भरल्यावर ठरव."

मावशी नगर जिल्ह्यातल्या. नवरा वारल्यावर औषधांच्या एका कारखान्यात, बाटल्या भरायच्या खात्यात टेंपररी लागल्या. विजेच्या तुटवड्यामुळे आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांना सुटी गुरुवारी. आणि देवळात, त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात, उपासना रविवारी सकाळी. त्या वेळी मावशी बाटल्यांपुढं उभ्या असायच्या. उपासना संध्याकाळी ठेवा म्हणून विनवून झालं. कोणी ऐकलं नाही. मग त्यांनी गुरुवारी घरीच गाणी आणि प्रार्थना सुरू केली. "प्रभू काय दारात उभा राहून इचारतो का, आज वार कोणता म्हणून?"

रूथचं लग्न ठरलं तेव्हा हे सगळं अंगाशी आलं. मुलाकडचे म्हणाले, लग्न देवळातच. त्यासाठी आधी तीन रविवार उपासनेत लग्न ठरल्याची घोषणा व्हावी लागते. देवळाचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीचे सेक्रेटरी अडून बसले. हे गृहस्थ पुण्यात सरकारी कचेरीत कामाला. रविवार त्यांना आयता मोकळा. म्हणाले, "बाईंनी घरात वेगळं देऊळ मांडलंय. तिन्ही रविवार येऊन बसा. पहिल्या रविवारी सगळ्यांपुढं उभं राहून म्हणा, मी प्रभूचा दिवस मोडला, मी चुकले. मग घोषणा वाचू." पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, शेजारी बसून चष्मा पुसत राहिले. तो चष्मा आठवला की आजही माझं डोकं फिरतं.

तिकडे कारखान्यात मावशींची कायम व्हायची वेळ आलेली. सुपरवायझर म्हणाला, "तीन रविवार दांड्या? मग कायम व्हायचं विसरा. देव मोठा का कंपनी, बाई?"

"साहेब, देव आठवड्यातनं एकदा बोलावतो. तुमी सहादा."

सगळं खातं हसलं. सुपरवायझर हसला नाही.

घरी मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. रूथ म्हणाली, "नोकरीचं जाऊ दे, मी शिवणकाम करून पैसे देईन. पण आई, एक वाक्य तर म्हणायचंय. म्हण ना."

"एकच हाय गं. पण खोटं हाय."

"मग मोडू दे माझं लग्न?"

मावशी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत राहिल्या.

पहिल्या रविवारी त्या उभ्या राहिल्या. तेच पांढरं पातळ. "मी प्रभूचा दिवस मोडला. मी चुकले."

सेक्रेटरी म्हणाले, "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मीही कामावर दांडी मारून सगळ्यात मागच्या बाकावर होतो. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. मावशी पुन्हा म्हणाल्या, मोठ्यानं.

लग्न झालं. मावशींची नोकरी मात्र शेवटपर्यंत टेंपररीच राहिली. ज्या बाईनं मला ताट वाढताना माझा देव कोणता, वार कोणता, हे कधी विचारलं नाही, तिला वारावरून उभं करणारे हे कोण? हा राग माझ्या पोटात अजून आहे. मावशींच्या पोटात नव्हता. त्या माफीनंतरच्या गुरुवारी पुन्हा हाक आली, "सातवी, ऊठ!"

"मावशी, तुम्ही तर चुकले म्हणालात."

"ते माणसांस्नी सांगितलं. देवाला ठाऊक हाय. झांज धर."

पुढं काही वर्षांनी, एका बुधवारी, मावशी कामावरून येऊन आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मातीला अख्खं खातं लोटलं, कुंकवाच्या बायका, बुरख्यातल्या, निळ्या पातळातल्या. सगळ्यांना सुटीच होती. देवळातले मोजकेच आले. त्यांचा तो कामाचा दिवस. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहणार, तेवढ्यात सेक्रेटरींचा भाचा धापा टाकत आला. "मामांना कचेरीतून रजा मिळाली नाही. रविवारी देवळात आठवण करतील म्हणाले."

रूथच्या मुठीत माती होती. ती त्याच्याकडे वळली.

"त्यांना सांग, माझ्या आईलाही मिळत नव्हती. आणि मोठ्यानं सांग."